कुंडी थोरलीची, शोध धाकटीचा

धाकटीचा निकाल आला तेव्हा थोरली एक सडकं मूळ धूत होती. "ताई, हे कुणाशीच जुळत नाहीये," असं धाकटी कॉम्प्युटरसमोरून म्हणाली आणि थोरलीला आधी बरंच वाटलं. जुळत नाही म्हणजे काहीतरी फसलंय. धाकटीचं काही फसलं की थोरलीला दुपारचं जेवण जरा जास्तच गोड लागायचं. म्हणून हातसुद्धा नीट न पुसता, चेहऱ्यावर काळजी आणून ती बघायला गेली, आणि बघता बघता ती काळजी खरी झाली. कारण फसलं काहीच नव्हतं.

दोघी सख्ख्या जावा. एकाच घरात राहायच्या, एकाच बसने यायच्या, एकाच प्रयोगशाळेत काम करायच्या, आणि दोघींचे डबेही एकाच ओट्यावर भरले जायचे. प्रयोगशाळेचं काम मुळांवरचे जिवाणू ओळखायचं. कुणाचं रोप का मान टाकतंय, कुणाचं का माजलंय, म्हणून लोक मुळं पाठवायचे. मग त्या मुळांवरचे जिवाणू वाढवायचे, त्यांच्या डीएनएचा एक ठरावीक तुकडा वाचायचा, आणि जगात आजवर नोंदल्या गेलेल्या सगळ्या जिवाणूंशी ताडून बघायचा. बहुतेक वेळा तो कुठेतरी चपखल जुळतो. गस्तीवरच्या हवालदाराला दर वेळी तोच जुना पाकीटमार सापडावा, तसं. धाकटीचा जिवाणू मात्र कुणाशीच जुळत नव्हता. त्याचा जवळात जवळचा नातेवाईक काढला तर तो आत्याच्या नणंदेच्या चुलत दिराइतका लांबचा. म्हणजे नवा. नाव नाही, गाव नाही, कुणी कधी पाहिलेला नाही.

"अरे वा," थोरली म्हणाली. हे दोन शब्द तिच्या घशातून असे निघाले की त्यापेक्षा माशाचा काटा सुखाने निघाला असता.

आता थोरलीच्या बाजूनेही थोडं बोललं पाहिजे. वीसेक वर्षं ती हे काम करत होती. हात असा, की बारीक तार ज्योतीत लाल करून, गार करून, ती जिवाणूंच्या खाद्याचा थर दिलेल्या प्लेटवर रेघा ओढायला लागली की बघणाऱ्याने चहा बाजूला ठेवावा. जिवाणू एकमेकांपासून वेगळे करायची सगळी मदार त्या रेघांवर. पहिल्या रेघेत ते दाटीवाटीने पडतात, दुसरीत विरळ, तिसरीत आणखी विरळ, आणि शेवटच्या रेघेला एकेकटे. त्या एकेकट्याचा वाढून ठिपका होतो. त्या ठिपक्यात एकाचीच पैदास, भेसळ नाही. थोरलीच्या प्लेटवर शेवटच्या रेघेचे ठिपके म्हणजे माळ तुटून मोती ओळीने पडावेत तसे. आणि इतकी वर्षं त्या मोत्यांतून निघालं काय, तर एकूण एक जुने पाकीटमार. एकदाच, फक्त एकदाच एक नवा हाती लागला होता. तो लिहून काढेपर्यंत रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या संस्थेतल्या एका गृहस्थाने तोच जिवाणू जाहीर करून टाकला. गृहस्थ भर उन्हाळ्यातही टाय लावायचे. थोरलीने त्यांचं नाव टायवाले ठेवलं होतं, आणि त्या दिवसापासून कुणाच्याही गळ्यात टाय दिसला की तिला तो जरा आवळून बघावासा वाटायचा.

एरवी बाई मोठी खोडकर. एकदा घरच्या दह्याचा थेंब बाटलीत घालून, वर 'डोंगरकड्यावरचं झुडूप' अशी चिठ्ठी चिकटवून तिने प्रयोगशाळेच्या साहेबांकडे दिला होता. साहेब आठवडाभर त्या दह्यावर खपले. शेवटी तिने वाटीभर दही आणि चमचा त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. साहेब चिडले, पण दही खाल्लं. अशी बाई, जी दुसऱ्याला फसवून हसते, तिच्यावर आज वेळ आली होती ती दुसऱ्याचं नशीब बघून हसण्याची, आणि तो व्यायाम तिच्या गालांना नव्हता.

आणि ही धाकटी कोण? येऊन वर्ष झालं नव्हतं. तिला इथे लावून घ्या म्हणून साहेबांच्या मागे लागली होती ती थोरलीच. म्हटलं, घरचंच माणूस, नळ्या धुवायला बरं. धाकटीचा हात भलताच जड. तार धरायची ती काथ्या धरल्यासारखी, आणि प्लेटवर रेघ ओढायची ती ठणकत्या गुडघ्याला मलम चोळल्यासारखी. तिच्या प्लेटा बघून थोरली रोज मनातल्या मनात प्रसन्न व्हायची.

पण सगळ्यात कहर पुढेच होता. साहेब आले, त्यांनी निकाल दोनदा वाचला, नेहमीसारखं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत विचारलं की मूळ कुठलं. धाकटी म्हणाली, घरचंच, पुदिन्याचं. हात बसावा म्हणून घेतलं होतं.

थोरलीच्या कानात कुकरची शिट्टी वाजली. घरचा पुदिना म्हणजे गॅलरीतल्या कुंडीतला, आणि ती कुंडी तिची. माती तिने भरलेली, पाणी तिने घातलेलं, कुणी मूठभर जास्त तोडला तर ओरडायचा मानही तिचाच. इतकी वर्षं रोज सकाळी दात घासता घासता ती ज्या कुंडीजवळ उभी राहत होती, त्या कुंडीत तिचा नवा जिवाणू बसला होता, आणि ही बया येते काय, एक मूळ उपटते काय.

"माझ्या कुंडीतला," थोरली ताडकन म्हणाली. "तो पुदिना माझ्या कुंडीतला आहे, साहेब."

धाकटीने तिच्याकडे बघितलं. तोंड उघडलं, मग मिटलं, आणि मान डोलावली.

त्या दिवसापासून थोरलीने कुंडीचा प्रचार सुरू केला. साहेबांना आणखी दोनदा सांगून झालं. प्लेटा ठेवायच्या खोलीतल्या बाईंना झालं. जिन्यात भेटणाऱ्या खालच्या मजल्यावरच्या बाईंनाही झालं, ज्यांना जिवाणू म्हणजे फक्त फिनाईलने मरणारी वस्तू एवढंच ठाऊक होतं. घरी सासूबाईंचा प्रचार मात्र वेगळाच चालला होता. माझ्या धाकट्या सुनेने एक नवा प्राणी शोधून काढलाय, असं त्या फोनवर प्रत्येकाला सांगत होत्या. थोरलीने एकदा दुरुस्ती केली की आई, प्राणी नाही, जिवाणू, आणि कुंडी माझी. त्यावर सासूबाई फोनवर म्हणाल्या, "हो हो, मोठीची कुंडी. मोठी पाणी छान घालते हो."

पाणी छान घालते. थोरलीने ते वाक्य गिळलं, पण ते खाली उतरेना. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, आणि दोघंही असे की घराला आग लागली तर आधी एकमेकांना विचारतील, तुला कसला वास येतोय का. त्यामुळे नवऱ्याजवळ मन मोकळं करण्यात अर्थ नव्हता. तिने रात्री जेवणं उरकल्यावर कुंडी उचलली आणि स्वतःच्या खोलीत कपाटामागे नेऊन ठेवली.

मनात हिशेब सरळ होता. जिवाणू कुंडीत आहे. कुंडी आपली. हात आपला. धाकटीच्या त्या मलमी हाताला सापडला तो आपल्याला चुटकीसरशी सापडेल, आणि एकदा आपल्याही हाती आला की मग बघू कुणाचं नाव पुढे लागतं ते. ती रोज डब्याच्या पिशवीत पुदिन्याचं एक मूळ गुंडाळून नेऊ लागली. मूळ धुवायची, ते पाणी प्लेटवर घ्यायची, सुंदर रेघा ओढायची, शेवटच्या रेघेचे मोती वेचायची, डीएनए वाचायला टाकायची. जुना पाकीटमार. दुसरं मूळ. जुना पाकीटमार. तिसऱ्याला त्याचा भाऊ. पुदिना कपाटामागे पिवळा पडला, थोरली कामावर पिवळी पडली, पण तो नवा काही दर्शन देईना. धाकटी बिचारी रोज विचारायची, ताई बरं वाटत नाही का. थोरली म्हणायची, डोळ्यांना ताण आलाय. ते अगदीच खोटं नव्हतं.

अशातच साहेबांनी तिला बोलावलं. नवा जिवाणू नुसता सापडून भागत नाही. तो एकटा, निर्भेळ वाढवून दाखवावा लागतो. मग त्याचे जिवंत नमुने दोन वेगळ्या देशांतल्या संग्रहांकडे पाठवायचे. तिथल्या लोकांनी तो वाढवून, हो, आहे, जिवंत आहे, एकटाच आहे, असं लिहून दिलं की मगच त्याला नाव लागतं. नाही तर सापडला काय आणि नाही काय. धाकटीच्या हातून ते निर्भेळ काम होईना. साहेब म्हणाले, तुमच्याइतका साफ हात इथे कुणाचा नाही, तुम्हीच करून द्या. धाकटी मागेच उभी होती. तीही म्हणाली, ताईंनीच करावं.

म्हणजे दुसरीच्या लग्नात आपणच मांडव घालायचा, आणि वर आग्रह करून वाढायचं. थोरली हसून हो म्हणाली. गालांना आता सवय होत चालली होती.

तिने धाकटीच्या प्लेटवरून तार फिरवली आणि आयुष्यातल्या सगळ्यात देखण्या रेघा ओढल्या. जळफळाट झाला की तिचा हात जास्तच चालायचा. दोन दिवसांनी प्लेट काढून बघते तर शेवटच्या रेघेला गुबगुबीत पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. एकाचा डीएनए वाचून घेतला. कुठल्याही चिमूटभर मातीत लोळत असणारा, जुन्यातला जुना पाकीटमार.

थोरलीला हसू आवरेना. म्हणजे नवा वगैरे काही नव्हताच. त्या मलमी हातात कुठली तरी घाण मिसळली असणार आणि मशीनने भलतंच वाचलं असणार. साहेबांकडे जायला ती निघाली. प्लेट टाकायच्या बादलीपाशी पोचलीसुद्धा. पण वीस वर्षांची खोड अशी, की टाकण्याआधी प्लेट खिडकीशी धरून तिरकी करून बघायची. तिने ती तिरकी केली.

पहिल्या रेघेत, जिथे पांढरे एकमेकांच्या अंगावर चढून बसले होते, त्यांच्या कुशीत बारीक बारीक काचेसारखे ठिपके चमकत होते. टाचणीच्या टोकाएवढे. पांढऱ्याला खेटूनच. दुसऱ्या रेघेत पांढरे कमी, तर तेही कमी. तिसऱ्या रेघेत दोन-चार, तेही पांढऱ्याच्या अगदी काठाशी. शेवटच्या रेघेला, मोत्यांच्या ओळीत, एकही नाही.

थोरली स्टूल ओढून बसली. तिला एका क्षणात सगळं उमगलं. हा काचेरी जिवाणू एकटा जगूच शकत नाही. पांढऱ्याच्या अंगातून जे काही पाझरतं, त्यावर तो पोसतो. जसजशी रेघ साफ होत जाईल, शेजारी लांब जाईल, तसतसा हा मरणार. धाकटीला तो सापडला कारण तिच्या प्लेटा गचाळ होत्या. तिने कुठल्या तरी गर्दीत तार खुपसली आणि नेमका हा उचलला गेला, आणि पुढे ती प्रत्येक वेळी शेजाऱ्यासकट सगळं फासत राहिली म्हणून तो जगला.

आणि मग दुसरा विचार आला, तो पहिल्यापेक्षा वाईट. वीस वर्षं आपण शेवटच्या रेघेचे मोतीच वेचत आलो. पहिल्या रेघेच्या गर्दीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या गर्दीत असे किती काचेरी असतील, जे आपण आपल्या साफ हाताने या बादलीत ओतले असतील? तिने बादलीकडे बघितलं. बादली नेहमीसारखीच होती, पण थोरलीला तिच्याकडे बघवेना.

तेव्हाच खरं तर बाईने जाऊन सांगून टाकायला हवं होतं. पण ती गेली आणि साहेबांना म्हणाली, "शेवटच्या रेघेला फक्त पांढराच आलाय. जुनाच आहे. नमुना भेसळीचा होता."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. थोरली त्या बाबतीत चोख. साहेबांनी घड्याळाकडे बघून सुस्कारा टाकला. धाकटीने हातमोजे काढले आणि ती बाहेर गेली. बाथरूमच्या दाराची कडी लागली, नळ सोडल्याचा आवाज आला, आणि तो बराच वेळ तसाच येत राहिला. थोरलीने दोन कप चहा केला आणि धाकटी परत आल्यावर एक तिच्या हातात दिला. स्वतःचा चहा तिला फार चवदार लागला. आता खरी मजा सुरू होणार होती.

मजा तिने गुपचूप केली. पांढऱ्याला भरपूर पाण्यात वाढवलं, मग ते पाणी इतक्या बारीक गाळणीतून गाळलं की पांढरा वर अडकला आणि त्याचं पाझरलेलं तेवढं खाली आलं. ते नव्या प्लेटच्या थरात मिसळलं. मग धाकटीच्या प्लेटवरचा एक काचेरी ठिपका टोकाने उचलला आणि रेघा ओढल्या. चौथ्या दिवशी शेवटच्या रेघेला काचेरी मोती, पांढरा औषधालाही नाही. डीएनए वाचला. तोच. नवा, एकटा, निर्भेळ. शेजारी नाही, पण शेजाऱ्याचं उष्टं आहे, तेवढं त्याला पुरतं.

इतका आनंद झाला आणि सांगायला कुणी नाही, ही काय शिक्षा असते ते थोरलीला त्या दिवशी कळलं. बसमध्ये धाकटी शेजारी बसली होती, खिडकीबाहेर बघत. थोरलीच्या जिभेवर दोनदा आलं. दोनदा तिने जीभ चावली.

आता उरलं एकच. धाकटीच्या प्लेटवरून घेतलेला तो धाकटीचा. आपल्या कुंडीतून, आपल्या हाताने काढला की मग आपला. कुणाला काही बोलायला जागा नाही. युक्ती तर हाती आलीच होती. तिने पुदिन्याची मुळं आणली आणि गाळलेलं पाणी घातलेल्या प्लेटांवर त्यांचं धुवण पसरलं. वाट पाहिली. पांढरे आले, पिवळे आले, एक गुलाबीही आला. काचेरी नाही. कुंडीच्या तळाची मुळं आणली. काठाची आणली. शेवटी एक अख्खं रोप मातीसकट पिशवीत घालून बसमध्ये मांडीवर घेऊन बसली, तर धाकटीने विचारलं, हे कुठे. थोरली म्हणाली, ऑफिसात शोभेला. काचेरी नाही म्हणजे नाहीच. जिवाणू जणू धाकटीशी बोली करून आला होता.

आणि या भानगडीत एके दिवशी सकाळी साहेबांच्या खोलीत टायवाले बसलेले दिसले. टाय निळा, वर बारीक ठिपके.  साहेब मोठ्या उत्साहात सांगत होते की वाया घालवण्यापेक्षा म्हटलं यांना दाखवावं, यांचा या बाबतीत हातखंडा आहे, हे नमुना घेऊन जातील, काही निघालं तर त्यांच्याकडून जाहीर करतील, आपल्या या मुलीचंही नाव कुठेतरी टाकतील. धाकटी कोपऱ्यात उभी राहून हो म्हणत होती. तिला आता कशाचंच काही वाटत नसावं. आणि टायवाल्यांच्या हातात धाकटीची प्लेट होती.

थोरली दारातच थबकली. बघा, धाकटी पुढे गेली तर तिच्या पोटात दुखत होतं, हे खरं. पण ते घरातलं दुखणं होतं. घरातल्या दुखण्याला माणूस सरावतं, कूस बदलून झोपतं. पण हा टाय? पुन्हा? तिचा पहिला तोंडातून काढून घेतला, आता घरातला दुसराही नेणार? टायवाल्यांनी प्लेट उचलली. खिडकीकडे वळले. आणि थोरलीने बघितलं की ते ती हळूच तिरकी करतायत, नेमकी तशीच, जशी ती स्वतः करायची. आणखी एक श्वास, आणि त्यांना ते दिसणार होतं.

थोरली तीन ढांगांत आत गेली आणि तिने त्यांच्या हातातून प्लेट काढून घेतली.

"हे आमच्या घरचं आहे," ती म्हणाली.

साहेब घड्याळाकडे बघायचं विसरले. थोरली पुढे म्हणाली की पाठवायची काही गरज नाही, जिवाणू एकटा वाढलाय, निर्भेळ आहे, तिच्या फ्रिजमध्ये मागच्या कप्प्यात आहे, तो पांढऱ्याच्या पाझरावर जगतो, आणि तो नवाच आहे, धाकटीने सांगितला तोच. सगळं एका दमात. साहेबांनी विचारलं, हे कधी झालं. थोरली म्हणाली, झाले थोडे दिवस. टायवाल्यांनी तिच्याकडे बघितलं, प्लेटकडे बघितलं, जरासं हसले, टाय सारखा केला आणि उठले. असले थोडे दिवस त्यांनाही माहीत असावेत.

साहेब त्यांना पोचवायला गेले. खोलीत दोघीच उरल्या. थोरलीने उगाच टेबलावरचे कागद सारखे केले.

"थोडे दिवस म्हणजे किती, ताई?" धाकटीने विचारलं.

थोरलीला बरीच उत्तरं सुचली. त्यातली तीन तर फारच चांगली होती. पण प्लेट हातात होती, आणि ती हातात असताना खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"तू बाथरूममध्ये जाऊन रडलीस ना," ती म्हणाली, "त्याच्या आधीच मला तो दिसला होता."

धाकटी म्हणाली, "मला वाटलंच होतं काहीतरी. तुम्ही त्या दिवशी मला कधी नव्हे तो चहा करून दिलात."

थोरलीला यावर हसावं की मान खाली घालावी ते कळेना, म्हणून तिने दोन्ही थोडं थोडं केलं. मग तोंडातून निघून गेलं, की तिने कुंडीतून काढायचा खूप प्रयत्न केला, पण मिळालाच नाही, कुंडी तिची असून. धाकटीने कपाळाला हात लावला.

"कुंडीतला नव्हताच तो. आईंनी बाजारच्या जुडीतली एक काडी ग्लासात ठेवली होती, स्वयंपाकघराच्या खिडकीत. तिला मुळं फुटली होती. ते पाणी कुणी बदललंच नव्हतं, वास यायला लागला होता. तुमच्या कुंडीला हात लावायची माझी काय टाप आहे?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सगळ्यांना सांगत सुटला होतात. साहेबांना, आईंना, जिन्यातल्या बाईंना. म्हटलं, असू दे, एवढं एक तरी त्यांचं."

धाकटी हे टोमणा म्हणून बोलली असती तर थोरलीला सोसलं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं. पण ती ते अगदी साधं बोलली. म्हणजे इतके दिवस आपण हिचा हेवा करत होतो आणि ही आपली कीव करत होती. थोरलीच्या अंगाचा असा तिळपापड झाला की कान लाल झाले. ती पिवळी पडलेली कुंडी, ते बसमधलं रोप, त्या डब्यातल्या मुळांच्या पुरचुंड्या, सगळं डोळ्यांपुढून गेलं, आणि प्रत्येकाच्या मागे धाकटी समजूतदारपणे उभी.

"रागवा तुम्ही," धाकटी म्हणाली. "मीही रागावलेय. पण तो वाढवून तर झाला ना?"

वाढवून झाला होता. त्याला काही कुणाच्या रागाशी देणंघेणं नव्हतं.

पुढचे महिने दोघी एकाच टेबलावर बसल्या. नव्याच्या शेजारी त्याचे लांबचे नातेवाईक मागवून वाढवले, कोण काय खातं, कुणाला किती उष्णता सोसते, कोण कशाने मरतं, सगळं एकाला एक लावून तपासलं. थोरली धाकटीच्या प्रत्येक रेघेला नाक मुरडायची. धाकटी आता उलट बोलायला शिकली होती. इतका साफ हात नको ताई, म्हणायची, बिचाऱ्याला करमत नाही. थोरलीला हे लागायचं, आणि खरं असल्यामुळे जास्तच लागायचं. दोन देशांतल्या दोन संग्रहांकडे नमुने गेले, सोबत पांढऱ्याच्या गाळलेल्या पाण्याची कृतीही गेली, आणि दोन्हीकडून आलं की हो, आहे, जिवंत आहे, एकटाच आहे.

शोधनिबंधावरच्या नावांचा प्रश्न साहेबांनी सोडवला. पहिलं धाकटीचं, मग थोरलीचं, शेवटी साहेबांचं.  घरी सासूबाईंनी फोनवर सांगितलं की धाकटीने शोधला आणि मोठीने मदत केली, मोठीचा हात फार साफ आहे हो. थोरलीने त्या दिवशी भांडी इतकी आपटली की दोन्ही भावांनी एकमेकांना विचारलं, काही झालंय का.

लिहायचं काम थोरलीकडे होतं. जिवाणू कुठे सापडला, ती ओळ आली. धाकटी तिच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली की कुंडी लिहिली तरी चालेल. कुणाला काय कळणार आहे, पुदिना तो पुदिना.

थोरलीची बोटं थांबली. जगातला प्रत्येक माणूस, ज्याला कधी हा जिवाणू हवा होईल, ती ओळ वाचणार होता. घरातल्या गॅलरीतली कुंडी. इतकंच लिहायचं. तिने ते मनातल्या मनात दोनदा लिहूनही पाहिलं, आणि ते फार शोभून दिसत होतं.

"तुझी कीव तुझ्याजवळ ठेव," ती म्हणाली, आणि तिने लिहिलं की स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या, पाणी न बदललेल्या ग्लासातला पुदिना.

धाकटी हसून पाण्याची बाटली भरायला गेली. ती दाराबाहेर पडल्याबरोबर थोरलीने पिशवीतून एक पुरचुंडी काढली, तिच्यातलं मूळ नळाखाली धरलं, आणि गाळलेलं पाणी घातलेली एक प्लेट पुढे ओढली. या वेळी तिने तार मुद्दाम काथ्यासारखी धरली आणि मलम चोळल्यासारखी एक जाड, गचाळ, दाटीवाटीची रेघ ओढली. कुंडी अजून निम्मी हिरवी होती, आणि तिच्यात मुळं पुष्कळ होती.